चित्रकलेचा तास : सुप्यापासून जोयड्यापर्यंत

आपल्या मंडळातल्या बहुतेक घरांत कपाटाच्या वरच्या फळीवर कागदपत्रांची एक जुनी फाईल असते. तिच्यात मॅट्रिकचा दाखला असतो, आजोबांच्या नोकरीची ऑर्डर असते, आणि बरेचदा एलिमेंटरी किंवा इंटरमिजिएट ड्रॉइंग परीक्षेचे प्रमाणपत्रही सापडते. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, कर्तव्यभूमिती आणि अक्षरलेखन ही नावे आपल्या दोन-तीन पिढ्यांना तोंडपाठ आहेत. मराठी घरातले मूल चित्रकार झाले नाही तरी ही परीक्षा देतेच, अशी एक रीतच होती. महाराष्ट्र सोडून आलेल्या कुटुंबांनीही ती सांभाळली.

या परीक्षेचा इतिहास आपल्याकडे क्वचितच कोणी सांगतो. आम्हांला तो सांगावासा वाटला, आणि तो एका आडवाटेच्या तालुक्यावरून सांगावासा वाटला. तो तालुका म्हणजे उत्तर कन्नड जिल्ह्यातला जोयडा. जोयडाच का, तर शाळेतली चित्रकला आणि मुलाची ओळख यांचा संबंध काय, हा प्रश्न तिथे फार स्वच्छ दिसतो. आपल्यासारख्या, घरात एक भाषा आणि दारात दुसरी अशा कुटुंबांना तो परका वाटणार नाही.

काळी आणि पांढरी

जुन्या पिढीला जोयडा हे नाव नवे वाटेल. त्यांनी ऐकलेले नाव सुपा. सीमाप्रश्नाच्या चर्चेत कारवार आणि हल्याळ यांच्या जोडीने सुपा हे नाव आपण वर्षानुवर्षे ऐकले. काळी आणि पांढरी या दोन नद्यांच्या संगमावरचे हे गाव तालुक्याचे ठाणे होते. पुढे काळी नदीवर १०१ मीटर उंचीचे धरण झाले, १९८० च्या दशकात पाणी चढले आणि सुपा गाव जलाशयाखाली गेले. तालुक्याची कचेरी जोयड्याला आली. विस्थापितांपैकी अनेकांची वस्ती लोंढ्याच्या बाजूला, रामनगरला झाली. धरणाला सुपा हे नाव राहिले, गाव मात्र नकाशावरून गेले.

काळी नदी उगमापासून समुद्रापर्यंत सुमारे १८४ किलोमीटर वाहते. तिचा उगम याच तालुक्यात, डिग्गीच्या डोंगरात. तालुका विस्ताराने मोठा आणि वस्तीने विरळ. बरेचसे जंगल आता काळी व्याघ्र प्रकल्पात मोडते. पश्चिमेला गोवा, उत्तरेला खानापूर. कॅसलरॉक हे स्टेशन याच तालुक्यात. पोर्तुगीज राज्यातून घाट चढून येणारी रेल्वे तिथे ब्रिटिश हद्दीतल्या रेल्वेला मिळत असे. दुसऱ्या बाजूला उळवीला चन्नबसवण्णांची समाधी आहे. माघात तिथे जत्रा भरते आणि उत्तर कर्नाटकातून लिंगायत कुटुंबे सजवलेल्या बैलगाड्या घेऊन येतात.

या रानात राहणारी माणसे अनेक जातींची आणि अनेक बोलींची आहेत. कुणबी आहेत, त्यांची बोली कोंकणी आणि मराठी यांच्या मधोमध कुठेतरी वाहते. गवळी धनगर आहेत. सातारा, कोल्हापूरच्या बाजूने सह्याद्रीच्या कण्याने म्हशी राखत ते पिढ्यान्‌पिढ्या खाली सरकत आले आणि घरात आजही मराठी बोलतात. सिद्दी आहेत, ज्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आले. बरेचसे पोर्तुगीज अमलात गुलाम म्हणून आणले गेले आणि घाट चढून या जंगलात येऊन राहिले. त्यांच्यात हिंदू, मुसलमान आणि ख्रिस्ती असे तिन्ही धर्म आहेत, आणि कोंकणी, मराठी, कन्नड या भाषा गावागावाप्रमाणे बदलतात. उत्तर कन्नडमधल्या सिद्दींना २००३ साली अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. त्याच वर्षी गोव्यातल्या कुणबी, गावडा आणि वेळीप समाजांनाही तो मिळाला. जोयड्याच्या कुणब्यांची तशीच मागणी मात्र वर्षानुवर्षे चालू आहे. घाटाच्या त्या अंगाचा कुणबी आणि या अंगाचा कुणबी यांच्यामध्ये सरकारी कागद उभा राहतो तो असा.

अशा तालुक्यातल्या एखाद्या वर्गात वीस मुले बसली, तर ती तीन-चार घरबोल्या घेऊन येतात. शाळा कुठे कन्नड माध्यमाची, कुठे मराठी माध्यमाची. पहिली-दुसरीतल्या मुलाला शिक्षकाची भाषा कळायलाच काही महिने लागतात. भाषा न येताही पहिल्या दिवसापासून त्याला काहीतरी सांगता यावे, असा तास एकच असतो, तो चित्रकलेचा. म्हणून त्या तासाला काय शिकवले गेले, हा प्रश्न दिसतो त्याहून मोठा आहे.

मुंबईहून आलेली रेघ

इंग्रजांनी कानडा प्रांत घेतला तेव्हा तो मद्रास इलाख्यात होता. त्याचे दोन भाग झाले आणि १८६२ साली उत्तर कानडा मुंबई इलाख्यात आला. पुढे १९५६ पर्यंत, म्हणजे जवळजवळ ९४ वर्षे, सुपा आणि कारवार यांचा शिक्षणखात्याचा कारभार मुंबई-पुण्याहून चालला. १९३६ साली सिंध वेगळा होईपर्यंत तर हा इलाखा कराचीपासून कारवारपर्यंत पसरलेला होता.

या इलाख्यातल्या चित्रकलेचे माहेरघर म्हणजे मुंबईचे सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट. सर जमशेटजी जीजीभाई यांनी त्यासाठी एक लाख रुपये दिले आणि १८५७ साली वर्ग सुरू झाले. त्याआधी १८५१ साली लंडनला मोठे औद्योगिक प्रदर्शन झाले होते. तिथे हिंदुस्थानी कापड, नक्षी आणि धातुकाम पाहून इंग्रज जाणकार थक्क झाले होते. यंत्रांनी बनवलेल्या त्यांच्या वस्तूंपुढे आमच्या कारागिरांची नक्षी सरस आहे, असे त्यांनीच लिहून ठेवले. पण त्याच जाणकारांनी लंडनच्या साउथ केन्सिंग्टनमध्ये चित्रकला शिकवण्याची जी पद्धत बसवली, तीच इथे आली. आधी सरळ रेघ, मग वक्र रेघ, मग छापील नमुन्याची नक्कल, मग प्लास्टरच्या साच्यावरून चित्र, आणि सर्वांत शेवटी जिवंत वस्तू. ग्रीक-रोमन वेलबुट्टी काढता आली म्हणजे हात तयार झाला, असे मानले जाई.

याच संस्थेत १८६५ ते १८७५ या काळात जॉन लॉकवुड किपलिंग शिकवत होते. प्रसिद्ध लेखक रड्यार्ड किपलिंग त्यांचा मुलगा, जन्म मुंबईचा. लॉकवुड किपलिंग यांनी हिंदुस्थानातल्या कारागिरांची, काम करत असतानाची, सुंदर रेखाटने केली. त्यांचे सहकारी जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून पुढे अनेक हंगाम विद्यार्थ्यांना अजिंठ्याला नेले आणि भित्तिचित्रांच्या प्रती करून घेतल्या. इथल्या कलेबद्दल या माणसांना आस्था नव्हती असे कोणी म्हणू शकणार नाही. पण आस्था ग्रंथात आणि संग्रहालयात गेली. शाळेच्या वर्गात उतरला तो नमुना आणि त्याची नक्कल. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत शाळांमध्ये ड्रॉइंग हा विषय रुळला, ड्रॉइंग मास्तर तयार करण्याचे वर्ग निघाले, आणि ग्रेड परीक्षांची शिस्त बसली.

या शिस्तीने पुष्कळ दिले, हेही नोंदवले पाहिजे. कोल्हापूरसारख्या ठिकाणाहून आलेले महादेव विश्वनाथ धुरंधर १८९० मध्ये जे. जे.त दाखल झाले आणि तिथेच शिकून, शिकवून मोठे झाले. 'कलामंदिरांतील एकेचाळीस वर्षे' हे त्यांचे आत्मकथन मराठीतला एक मोलाचा दस्तऐवज आहे. लहान गावातल्या असंख्य मुलांना या परीक्षेने ड्रॉइंग मास्तरची, नकाशे काढणाऱ्याची, छापखान्यातल्या कारागिराची नोकरी दिली. वस्तूकडे नीट बघायची सवय लावली. आपल्या आजोबांचे देखणे हस्ताक्षर पुष्कळदा त्या अक्षरलेखनाच्या सरावातून आलेले असते.

पण त्यात एक गोष्ट सुटली. ज्या मुलीची आई रोज पहाटे सडा घालून ठिपक्यांवरून रांगोळी काढत होती, त्या मुलीला शाळेत कधी कळले नाही की आई करते तेही ड्रॉइंग आहे. रांगोळीत समप्रमाण असते, भूमिती असते, स्मरण असते. परीक्षेला जे जे लागे ते सगळे असते. तरी ते घरकाम राहिले, आणि शाळेतले ते शिक्षण ठरले. सुपा तालुक्यात कुणब्याच्या अंगणापासून शाळेच्या फळ्यापर्यंतचे अंतर पावलांनी थोडे होते, पण या हिशेबाने फार लांबचे होते.

नदीतून वर गेलेली नाव

या गोष्टीचा एक धागा काळी नदीवरच मिळतो, आणि तो वाचकांना आवडेल. १८८३ साली रवींद्रनाथ ठाकूर कारवारला आले होते. त्यांचे थोरले बंधू सत्येंद्रनाथ तिथे जिल्हा न्यायाधीश होते. रवींद्रनाथांचे वय तेव्हा २२. कारवारच्या मुक्कामात त्यांनी 'प्रकृतिर प्रतिशोध' हे नाटक लिहिले. आपल्या आठवणींत त्यांनी एका संध्याकाळची हकिकत दिली आहे. नावेतून काळी नदीत वरच्या अंगाला जाताना मंडळी शिवकालीन डोंगरी किल्ल्यापाशी थांबली, एका शेतकऱ्याच्या झाडून लख्ख केलेल्या अंगणात चांदण्यात बसली आणि बरोबर नेलेली शिदोरी तिथे सोडली. ते घर कोणाचे, हे त्यांनी लिहिलेले नाही. पण परक्या कवीच्या लक्षात राहिले ते अंगण.

त्यानंतर ३६ वर्षांनी, १९१९ मध्ये, शांतिनिकेतनात कलाभवन सुरू झाले. नंदलाल बोस तिथे आले आणि मुंबईच्या पद्धतीला एक वेगळा पर्याय उभा राहिला. तिथे बंगाली बायकांची अल्पना, म्हणजे तांदळाच्या पिठाने जमिनीवर काढायची रांगोळी, कलेचा विषय म्हणून शिकवली गेली. अवनींद्रनाथ ठाकुरांनी बायकांची व्रते आणि त्यांतली अल्पना यांवर ग्रंथ लिहिला. अंगण शाळेत आले ते असे. कारवारच्या त्या रात्रीमुळे हे झाले, असा दावा आम्ही करत नाही. इतिहास इतक्या सरळ दोरीने बांधलेला नसतो. पण एकाच जिल्ह्याच्या काठावर या दोन वाटा भेटल्या होत्या, एवढे खरे.

शांतिनिकेतनची वाट महाराष्ट्रातही आली. १९३६ च्या डिसेंबरात खानदेशात फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले. गांधीजींच्या इच्छेप्रमाणे नंदलालबाबूंनी तिथला मंडप बांबू आणि गावच्याच साहित्याने सजवला. पुढच्या वर्षी, ऑक्टोबर १९३७ मध्ये, वर्ध्याला शिक्षण परिषद झाली आणि नयी तालीमची कल्पना मांडली गेली. १९४४ साली शांतिनिकेतनात शिकलेले देवीप्रसाद सेवाग्रामला कलाशिक्षक म्हणून आले. मूल जे काढते त्यात त्याचे घर, शेत, सण, भीती, आनंद हे सगळे असते; शिक्षकाने त्यावर आपला नमुना लादू नये, अशी त्यांची धारणा होती. जगात इतरत्रही तेव्हा हा विचार चालू होता. व्हिएन्नात फ्रांझ चिझेक यांनी १८९७ पासून मुलांसाठी मोकळा चित्रवर्ग चालवला होता. इंग्लंडमध्ये हर्बर्ट रीड यांचे कलेतून शिक्षण मांडणारे पुस्तक १९४३ साली आले. सेवाग्रामचे वैशिष्ट्य असे की तिथे हे काम शेणाने सारवलेल्या जमिनीवर, स्वतः कुटलेल्या रंगांनी चालले.

मराठी वाचकांना याहून जवळचे नाव ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचे. १९४५ साली बोर्डीला ग्रामबालशिक्षा केंद्र सुरू झाले. पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. वारली पाड्यांतली मुले शाळेत येत नाहीत म्हणून या बायांनी शाळाच त्यांच्या अंगणात नेली. पाने, बिया, माती, शंख, शिंपले ही त्यांची शिक्षणसाधने. मुलाच्या घरी जे आहे त्यातून त्याला शिकवायचे, हे तत्त्व त्यांनी भाषणात न सांगता रोजच्या कामात दाखवले.

वारलीचा धडा

वारली म्हटले की आज प्रत्येक शाळेच्या भिंतीवर त्रिकोणांची माणसे नाचताना दिसतात. तिचा इतिहास मात्र थोडा थांबून पाहण्यासारखा आहे, कारण जोयड्यासारख्या ठिकाणी काय करावे आणि काय टाळावे हे त्यातून कळते.

वारल्यांच्या घरी लग्नात चौक काढत. तो काढायचा मान सवाशिणींचा. गेरूने किंवा मातीने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौकट, आत पालघट देवी, भोवती झाडे, प्राणी, माणसे. धवलेरी गाणी म्हणत असे. चौक झाल्याशिवाय लग्न लागत नसे. म्हणजे ते चित्र शोभेसाठी नव्हते. ते विधीचा भाग होते. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी हे मराठी चित्रकार या पाड्यांत पोहोचले. त्याआधी बिहारमध्ये मिथिलेच्या बायकांना भिंतीवरची चित्रे कागदावर काढायला त्यांनीच प्रवृत्त केले होते. वारली पाड्यात त्यांना जिव्या सोमा म्हसे भेटले, जे लग्न नसतानाही रोज चित्र काढत. त्यांची चित्रे जगभर गेली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. एका उपेक्षित समाजाचे नाव सन्मानाने घेतले जाऊ लागले, हा फार मोठा लाभ.

त्याच वेळी भिंतीवरून कागदावर येताना काही गळाले. बायकांच्या हातची कला पुरुषांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. आणि शाळेत ती आली तेव्हा 'दोन त्रिकोण जोडा, वर गोल काढा, झाली वारली' अशी आली. पालघट नाही, लग्न नाही, धवलेरी नाही. शंभर वर्षांपूर्वी मुले ग्रीक वेलबुट्टी गिरवत होती. आता वारली गिरवतात. नमुना देशी झाला, गिरवणे तेच राहिले. सांस्कृतिक विविधता या नावाखाली एका पानावर वारली, दुसऱ्यावर मधुबनी, तिसऱ्यावर गोंड असे तक्ते लावले, की तास संपतो. ज्या मुलाच्या घरची ती कला आहे, त्याला विचारले जात नाही. ज्याच्या घरची नाही, त्याला स्वतःच्या घरी काय आहे हे पाहावेसे वाटत नाही.

जोयड्याच्या अंगणात काय आहे

मग जोयड्याच्या मुलाच्या घरी काय आहे? आम्ही चार गोष्टी मांडतो.

पहिली, सिद्दी बायकांची कवंदी. जुन्या, विटक्या कपड्यांचे तुकडे एकावर एक ठेवून हाताने धावदोऱ्याने शिवलेली ही गोधडी. शिवण कडेने सुरू होते आणि फेऱ्या घेत मध्याकडे येते. शेवटी चारी कोपऱ्यांत छोटे, घडी घातलेले त्रिकोणी तुकडे लावतात. त्यांना फुले म्हणतात. फुले लावल्याशिवाय कवंदी पुरी होत नाही. ख्रिस्ती घरच्या कवंदीत क्रूस दिसतो, मुसलमान घरच्या कवंदीत चंद्रकोर. शिवण्याची रीत मात्र सगळ्यांची एक. एकाच समाजात तीन धर्म कसे नांदतात, हे नागरिकशास्त्राच्या धड्यापेक्षा एका कवंदीवरून लवकर समजते. आपल्या वाचकांच्या घरी आजीची गोधडी असेलच. दोन्ही शेजारी ठेवल्या तर सारखेपणही कळेल, वेगळेपणही.

दुसरी, कावी. काव म्हणजे तांबडी माती, हा शब्द आपल्या मराठीतही आहे. गोवा, सिंधुदुर्ग आणि कारवारपासून गोकर्ण-कुमट्यापर्यंतच्या देवळांच्या भिंतींवर चुन्याच्या गिलाव्यावर या तांबड्या रंगाचा थर देत, आणि तो ओला असतानाच टोकदार हत्याराने खरवडून खालचा पांढरा चुना उघडा करत. तांबड्यावर पांढरे असे ते चित्र गुळगुळीत दगडाने घासून पक्के होई. भर पावसाच्या मुलखात ही चित्रे शतकभर टिकली. पण जीर्णोद्धाराच्या सिमेंटपुढे आणि चकचकीत टाइल्सपुढे टिकली नाहीत. ही कला घाटाखालची. जोयड्याच्या मुलाला तालुका सोडून ती पाहायला जावे लागेल, पण त्याच्या पायाखालची माती तीच तांबडी आहे.

तिसरी, आपल्या गणपतीशी जोडलेली. गोवा, कारवार आणि तळकोकणात गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगतात आणि तिला रानातली फळे, फुले, बिया बांधतात. कोणी तिला माटोळी म्हणतात, कोणी माटवी. नारळ, सुपारीचा घड, तोरिंजन, कवंडळ, कांगले, हरणाची फुले, आंब्याचे टाळे. भाद्रपदात रानात काय पिकते याची ती यादीच असते. ती बांधायची तर कोणते झाड कुठल्या उतारावर आहे, कोणते फळ खायचे आणि कोणते नुसते बघायचे, हे माहीत असावे लागते. रंगसंगती, तोल आणि मांडणी हे सगळे तिच्यात आहे. ज्याला शहरात मांडणशिल्प म्हणतात, ते आपल्या लोकांनी दरवर्षी केले आणि दरवर्षी विसर्जनाबरोबर मोडलेही.

चौथी गोष्ट म्हणजे कंद. गेली काही वर्षे जोयड्यात कंदमुळांचा मेळा भरतो. कुणबी बायका आपल्या परसातले कोन, कणंग, सुरण आणि अळूच्या जातीचे अजस्र कंद घेऊन येतात. वस्तुचित्राला फुलदाणी किंवा कपबशीच हवी, असे कुठल्या ग्रंथात लिहिले आहे? त्या कंदाच्या सालीवरचे पोत, गाठी, छाया-प्रकाश काढायला मोठ्या चित्रकाराचाही कस लागेल. आणि ते चित्र काढताना मूल आजीला विचारेल की हा कधी लावायचा, कधी खणायचा. ड्रॉइंगच्या वहीत शेती येईल, आणि शेतीबरोबर आजी येईल.

बुडालेले आठवणे

सुपा तालुक्याच्या मुलांना आणखी एक विषय असा मिळाला आहे की जो फार थोड्या मुलांना मिळतो. त्यांच्या आजी-आजोबांचे गाव पाण्याखाली आहे. स्मरणचित्र हा आपल्या परीक्षेतला जुना विषय. त्यात 'बाजारातील दृश्य', 'पावसाळ्यातील एक दिवस' असे विषय येतात. रामनगरच्या मुलाने आजोबांना विचारून सुप्याची गल्ली काढली, देऊळ कुठे, विहीर कुठे, बाजार कुठल्या वारी आणि कुठे, घाट कसा उतरायचा, तर ते खऱ्या अर्थाने स्मरणचित्र होईल. फरक एवढाच की स्मरण आजोबांचे असेल आणि हात नातवाचा. ते पाणी प्रत्यक्ष पाहिलेली माणसे आता म्हातारी झाली आहेत. हा तास आणखी वीस वर्षांनी घेता येणार नाही.

ज्या पिढीचे गाव बुडाले, तिच्या माथ्यावरून त्याआधी एक सीमाही सरकली होती. १ नोव्हेंबर १९५६ ला उत्तर कानडा म्हैसूर राज्यात गेला. मुंबईच्या ग्रेड परीक्षांची जागा तिकडच्या लोअर आणि हायर ड्रॉइंग परीक्षांनी घेतली. इकडे महाराष्ट्रात १९६५ मध्ये कला संचालनालय स्थापन झाले आणि एलिमेंटरी-इंटरमिजिएट त्याच्या हाती आल्या. दोन राज्यांच्या दोन परीक्षा, पण कूळ एकच. मधल्या तालुक्याने दोन्हींचे नियम पाहिले. त्याच्या अंगणाकडे मात्र दोघांपैकी कोणी फारसे वळून पाहिले नाही.

आता धोरणे बदलली आहेत. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने दहावीपर्यंत कला सक्तीची असावी असे सुचवले आणि स्थानिक कलांवर भर दिला. २०२० च्या शैक्षणिक धोरणातही कलेची सांगड इतर विषयांशी घालण्याची भाषा आहे. कागदावर हे उत्तमच आहे. प्रत्यक्षात जंगलातल्या एक-दोन शिक्षकी शाळेला स्वतंत्र कलाशिक्षक मिळणे कठीण, आणि जो शिक्षक आहे त्याच्यावर सगळ्याच विषयांचा भार. म्हणूनच वर सांगितलेल्या चार गोष्टींना महागडे साहित्य लागत नाही, हे महत्त्वाचे. काव, कोळसा, चुना, हळद, चिंध्या, बिया आणि शेजारची आजी एवढ्यावर वर्ग चालतो.

मात्र एक सावधगिरी बाळगायला हवी. ओळख शिकवताना ती मुलाच्या गळ्यात पाटीसारखी अडकवू नये. सिद्दी मुलांचेच उदाहरण घ्या. १९८० च्या दशकात सरकारने त्यांच्यासाठी खास क्रीडा योजना काढली. काही मुले राष्ट्रीय पातळीवर धावली, मग ती योजना बंद पडली. पण 'सिद्दी म्हणजे धावणारा, सिद्दी म्हणजे नाचणारा' हा ठसा लोकांच्या मनात उरला. चित्रकलेच्या तासाला सिद्दी मुलाला कवंदीच काढायला लावली आणि गवळ्याच्या मुलाला म्हैसच, तर तोही एक ठसाच. त्या मुलाला विमान काढायचे असेल, समुद्र काढायचा असेल, तर त्याने काढावा. कुणब्याच्या मुलीने कवंदीचे कोपरे मोजावेत, सिद्दी मुलाने माटोळी बांधावी, कानडी मुलाने आणि मराठी मुलाने मिळून उळवीची बैलगाडी रंगवावी. आपले घर शाळेत आल्यावर मुलाची मान ताठ होते. शेजाऱ्याचे घरही शाळेत आले की त्याची नजर विस्तारते. दोन्ही व्हायला हवे.

आपल्यासाठी

हे सगळे गणेशोत्सवाच्या स्मरणिकेत कशासाठी, असे कोणी विचारील. आमचे म्हणणे असे की जोयड्याच्या मुलाचा प्रश्न आणि आपल्या नातवंडांचा प्रश्न एकाच जातीचा आहे. आपली मुलेही घरी एक भाषा बोलतात, शाळेत दुसरी, मैदानात तिसरी. मराठी असणे म्हणजे काय, हे त्यांना आपण बहुधा भाषणातून सांगतो आणि ती जांभया देतात. कोणत्याही उत्सवातली चित्रकला स्पर्धा पाहावी. दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, बाजूला झोपडी आणि नारळाचे झाड, हे चित्र पानामागून पान भेटते. त्या डोंगराच्या गावी काढणारा कधी गेलेला नसतो आणि त्या झोपडीत त्याचे कोणी राहत नसते. तो एक नमुनाच आहे, कोणी न शिकवता गिरवला जाणारा.

आम्ही मंडळाच्या कार्यकारिणीपुढे एक साधी सूचना ठेवत आहोत. पुढच्या वर्षीच्या स्पर्धेत एक गट असा असावा की ज्यात मुलाने घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला विचारून त्यांचे लहानपणचे अंगण काढावे. कोणाचे साताऱ्याचे निघेल, कोणाचे बेळगावचे, कोणाचे बडोद्याचे, कोणाचे याच शहरातल्या एखाद्या चाळीचे. चित्राखाली दोन ओळी लिहाव्यात: हे कोणाचे अंगण, आणि त्यांनी काय सांगितले. परीक्षकांनी हातापेक्षा विचारपूस जास्त पाहावी. शेजारच्या अमराठी कुटुंबांच्या मुलांनाही याच गटात आग्रहाने बोलवावे. त्यांच्या आज्यांचीही अंगणे आहेत. आणि जमल्यास मंडपात एका बाजूला माटोळी बांधावी. इथल्या बाजारात कवंडळ आणि कांगले मिळणार नाहीत, पण या मुलखात भाद्रपदात जे पिकते ते मिळेलच. तेच बांधावे. आपण जिथे राहतो तिथले रान बाप्पाच्या डोक्यावर असले, तर त्यात परके काही नाही.

सुप्याचे ठाणे पाण्याखाली गेले, मुंबई इलाखा इतिहासात जमा झाला, परीक्षांची नावे बदलली. काळीच्या खोऱ्यातल्या बायका मात्र आजही चिंध्या जोडून कवंदी शिवतात, आणि शेवटी चार कोपऱ्यांत चार फुले लावायला विसरत नाहीत. शाळेच्या वेळापत्रकातला आठवड्याचा एक तास त्यांच्या नातवंडांना या फुलांचे मोल सांगू शकला, तर मुंबईहून निघालेली ती जुनी रेघ दीडशे वर्षांनी का होईना, अंगणापर्यंत पोहोचली असे म्हणता येईल.